मोठ्या कुत्र्याला शोमध्ये उतरवताना: पट्टा आणि लीड कशी निवडावी

शो रिंगमधल्या पट्ट्याकडून आपल्या दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात. जजला तो जवळजवळ दिसू नये, मानेची रेषा कुठेही तुटू नये. आणि पन्नास-साठ किलोचा ग्रेट डेन किंवा रॉटवायलर लाउडस्पीकरच्या आवाजाने बिचकून उसळला तरी तो तुटू नये, उघडू नये, डोक्यावरून निघू नये. पहिल्यासाठी पट्टा बारीक हवा, दुसऱ्यासाठी भक्कम. या दोन टोकांमध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे कुत्र्याचं वागणं ठरवतं, मग मानेची घडण, आणि ब्रीडची रीत सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र पहिला प्रश्न ब्रीडचाच विचारला जातो, आणि चुकीची खरेदी बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.

म्हणून आधी एक साधी परीक्षा घ्या. रोजच्या रुंद पट्ट्यावर कुत्रा सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या दुडक्या चालीने मारतो का, आणि समोरून भटका कुत्रा आला तर तुमच्या एका शब्दावर थांबतो का, ते बघा. थांबत असेल तर बारीक लीड (पट्ट्याला जोडलेली, हातात धरायची दोरी) घ्यायला हरकत नाही. थांबत नसेल तर सध्या मध्यम जाडीची लीड घ्या आणि शिकवणीवर वेळ घाला. ओढणाऱ्या कुत्र्याच्या मानेत बारीक साखळी घातली की तो ओढायचा थांबत नाही, फक्त खोकायला लागतो.

माप घेताना

शिंप्याची टेप घ्या आणि दोन मापं लिहून ठेवा. पहिलं मानेचं: कानांच्या लगेच मागे, जबड्याच्या कोनाखाली, जिथे शोचा पट्टा बसतो तिथे. रोजचा पट्टा खाली खांद्याजवळ असतो, ते माप इथे उपयोगाचं नाही, दोन्हींत सहज सात-आठ सेंटिमीटरचा फरक पडतो. दुसरं डोक्याचं: हनुवटीखालून, कानांच्या पुढून, कपाळावरून, डोकं जिथे सर्वात रुंद आहे तिथे.

स्लिप साखळीसाठी, म्हणजे ओढली की आवळणाऱ्या आणि सोडली की सैल होणाऱ्या साखळीसाठी, डोक्याच्या मापात चार-पाच सेंटिमीटर मिळवा. त्याहून लांब साखळी घेतली की तिचं जास्तीचं टोक छातीवर लोंबतं, त्या वजनाने साखळी खांद्यापर्यंत घसरते आणि चालताना खुळखुळते. मार्टिंगेल म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा, त्याचा हिशेब वेगळा. तो पूर्ण आवळला तरी त्याच्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर त्यापुढे आवळायला जागाच उरलेली नसते, आणि कुत्र्याने मागे रेटा देऊन डोकं खाली घातलं की पट्टा हातात आणि कुत्रा मैदानात.

कारवान (मुधोळ) किंवा राजपालयमसारख्या कुत्र्यांच्या बाबतीत ही चूक हमखास होते, कारण त्यांचं डोकं मानेच्या मानाने अरुंद असतं. बकलचा साधा पट्टा त्यांच्या मानेत कितीही घट्ट केला तरी मागे सरकून निघतो. त्यांना मार्टिंगेल किंवा स्लिपच हवी.

वाढत्या पिल्लाचं माप दर पंधरवड्याला घ्या. मोठ्या ब्रीडचं पिल्लू चौथ्या ते आठव्या महिन्यात इतक्या झपाट्याने भरतं की महिन्यापूर्वी सैल वाटलेला पट्टा आज रुतलेला असतो. या वयात सरकत्या मण्याची एकसंध (पट्टा आणि लीड एकाच तुकड्यातली) मार्टिंगेल लीड सर्वात सोयीची, कारण एकीवरच चार-पाच महिने निघतात. पिल्लाच्या मानेत साखळी घालूच नये.

कोणता प्रकार कोणाला

बारीक सर्पाकृती साखळीच्या कड्या इतक्या जवळ गुंफलेल्या असतात की ती बोटांवरून दोरीसारखी घसरते. ग्रेट डेन, डॉबरमन, बॉक्सर अशा आखूड केसांच्या, लांब किंवा कमानदार मानेच्या कुत्र्यांना ती शोभते. मान पूर्ण दिसते आणि साखळी दागिन्यासारखी एका रेषेत बसते. पण डेन आणि डॉबरमन या दोन्ही ब्रीडमध्ये मानेच्या मणक्यांचा वॉबलर नावाचा विकार आढळतो. या कुत्र्यांना साखळीने झटका देणं हा शिकवणीचा भाग असूच शकत नाही. कुत्रा नुसत्या स्पर्शावर वळत असेल तरच साखळी घ्या, नाहीतर मऊ चामड्याचा किंवा नायलॉनचा मार्टिंगेल बरा.

फर सेव्हर म्हणजे लांबट, चपट्या कड्यांची साखळी. तिच्यात केस अडकून तुटत नाहीत, म्हणून जर्मन शेफर्डवाल्यांची ती आवडती. रॉटवायलरच्या जाड मानेवरही मोठ्या कड्यांची साखळी उठून दिसते आणि तिथे ती रूढ आहे. ती पूर्ण स्लिप करायची गरज नसते. हूक दोन्ही कड्यांतून एकत्र अडकवला तर ती साध्या पट्ट्यासारखी राहते, आवळत नाही. जर्मन शेफर्डच्या खास ब्रीड शोमध्ये कुत्रा हँडलरच्या (त्याला रिंगमध्ये चालवणाऱ्याच्या) पुढे, लीडवर ताण ठेवून चालतो, तिथे असंच अडकवतात आणि लीडही दीड-दोन मीटर लांब घेतात. हाच कुत्रा ऑल ब्रीड शोमध्ये नेलात तर ती पद्धत चालणार नाही. तिथे सैल लीडवर शेजारी चालणं बघतात. दोन्हीकडे उतरवायचं असेल तर दोन वेगळे संच ठेवा. कोणता पट्टा म्हणजे कोणतं काम, हे कुत्रा फार लवकर ओळखतो.

गोल्डन रिट्रीव्हर, सेंट बर्नार्ड, तिबेटी मॅस्टिफ यांच्या मानेभोवती केसांची भरगच्च झालर असते. चपटा नायलॉनचा पट्टा ती दाबून टाकतो आणि काढल्यावरही तिथे खाच दिसत राहते. इथे गोल वळलेलं चामडं किंवा बारीक गोल दोरीची स्लिप वापरा. केसांच्या मुळाशी नेऊन बसवा आणि वरून कंगव्याने केस पुन्हा मोकळे करा, म्हणजे पट्टा जवळजवळ नाहीसा होतो.

सर्वात अवघड मॅस्टिफ वर्गातले कुत्रे, ज्यांच्या गळ्याखाली सैल कातडी असते. बारीक साखळी वर चढवली की ही कातडी तिच्यापुढे गोळा होते, चेहऱ्यावर नको तिथे घड्या पडतात आणि डोक्याचा आकारच बदललेला दिसतो. थोडा रुंद, बारा-पंधरा मिलिमीटरचा मऊ चामड्याचा पट्टा घ्या. घालताना आधी कातडी हलक्या हाताने मागे, मानेकडे सरकवा, मग पट्टा बसवा. लॅब्रॅडोरला इतका खटाटोप लागत नाही. मध्यम जाडीची एकसंध मार्टिंगेल बहुतेकांना पुरते.

काट्यांचा पट्टा आणि बॉडी बेल्ट रिंगमध्ये नकोत. बॉडी बेल्ट खांदा झाकतो आणि खांदाच तर जजला बघायचा असतो.

रंग अंगाच्या रंगाशी मिळता घ्या: काळ्याला काळा, फॉन (पिवळसर तपकिरी) डेनला तपकिरी किंवा पितळी, पांढऱ्याला पांढरा किंवा चंदेरी. रिंगमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना कुत्रा तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे तुमच्या आणि जजच्या मध्ये असतो, आणि त्याच्या मानेमागे तुमचे कपडे दिसतात. काळ्या कुत्र्यामागे काळी पँट घातली तर मानेची रेषा कपड्यांतच विरून जाते. पट्ट्याचा रंग निवडताना त्या दिवशीचे कपडेही बाजूला ठेवून बघा.

लीडची लांबी आणि हूक

कुत्रा मोठा म्हणजे लीड लांब, असा सार्वत्रिक समज आहे. रिंगमध्ये उलट असतं. डेनने मान वर केली की त्याचा जबडा तुमच्या कोपराशी येतो, म्हणजे पट्ट्यापासून हातापर्यंत अंतर असं फारसं नसतंच. चालवताना साठ-सत्तर सेंटिमीटर पुरतात. जास्त लागते ती फ्री स्टॅकला, जेव्हा तुम्ही समोर तीन-चार फुटांवर उभे राहून त्याला स्वतःहून नीट उभं राहायला लावता. दोन्ही कामं धरून १०० ते १२० सेंटिमीटर लांबी घ्या. चालताना उरलेली लीड डाव्या तळहातात नागमोडी घड्या घालून मुठीत धरा, टोकाचा फास अंगठ्यात. बोटांना किंवा मनगटाला वेटोळे घेऊ नका. साठ किलोच्या कुत्र्याने एकदम झेप घेतली तर वेटोळ्यातलं बोट मोडू शकतं. घडी मात्र क्षणात सुटते.

रुंदी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्या. तीस-पस्तीस किलोच्या सुशिक्षित लॅब्रॅडोरला सहा ते आठ मिलिमीटर, रॉटवायलर किंवा डेनला दहा, अजून रिंगची सवय नसलेल्या मोठ्या नराला बारा. पॅराकॉर्डच्या (बारीक, मजबूत नायलॉन दोरीच्या) विणलेल्या लीडही हल्ली मिळतात. ‘५५०’ असं नाव असलेल्या पॅराकॉर्डचा एक पदर साधारण २५० किलोपर्यंतचा ताण सोसतो, पण हा आकडा सावकाश दिलेल्या ताणाचा आणि गाठ नसलेल्या दोरीचा. गाठीपाशी दोरीची ताकद बरीच उतरते, आणि धावून मारलेल्या झटक्याचा जोर कुत्र्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून किमान चार पदरी विणलेलीच घ्या.

मुंबईच्या दमटपणात तळहाताला घाम सुटतो आणि गुळगुळीत नायलॉन हातातून निसटतं, वर त्वचा भाजल्यासारखी सोलते ती वेगळीच. चामडं, सुती विणीची लीड किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेलं बायोथेन हातात टिकतं. बायोथेन पाणी पीत नाही, त्यावर बुरशी धरत नाही, पुसलं की स्वच्छ. सरावासाठी आणि पावसाळ्यासाठी ते उत्तम. शोसाठी मात्र हातात मुरलेल्या चामड्याइतकी हलकी जाणीव त्यातून मिळत नाही.

हुकाकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. जड हूक दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला गळ्यावर आपटतो, कुत्रा मान आखडून घेतो आणि चाल आखूड होते. मग दोष खांद्याला दिला जातो. हूक लहान आणि हलका हवा, त्याला फिरकी हवी म्हणजे लीडला पीळ पडणार नाही, आणि आतली स्प्रिंग ताठ हवी. अंगठ्याने दहा-पंधरा वेळा उघडझाप करून बघा. एकदाही खिट्टी अर्धवट राहिली तर तो हूक बाजूला ठेवा. एकसंध लीडमध्ये हूकच नसतो, हा तिचा मोठा फायदा.

धातू तपासायची रीत

आपल्याकडची खारट हवा मुलामा दिलेल्या लोखंडाला वर्षभरही तग धरू देत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा उपनगरातल्या पेट शॉपमध्ये जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. साखळीला तो घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, वरची चमक मुलाम्याची. चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक बहुधा चिकटत नाही किंवा जेमतेम धरतो. ३१६ ग्रेड मिळाला तर समुद्राच्या हवेसाठी तो ३०४ पेक्षा चांगला. पण चुंबक चिकटला नाही एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही तो चिकटत नाही, आणि हा धातू झटक्याने कचकन तुटतो. ओतीव हुकावर बाजूने साच्याची बारीक रेघ दिसते आणि तो हाताला हलका लागतो. भरीव पितळेला आतल्या बाजूने ओरखडा काढला की खालीही पिवळंच निघतं.

मग पांढरा सुती रुमाल ओला करून साखळी त्यातून वीस-पंचवीस वेळा ओढा. रुमालावर करडी रेघ उमटली तर तीच रेघ उद्या राजपालयमच्या पांढऱ्या मानेवर उमटेल, आणि ती ऐन वेळी पुसून निघत नाही. शेवटी कड्यांचे सांधे बघा. सांधा डाग देऊन जोडलेला हवा. नुसता वाकवून टोकं जुळवलेली असतील तर फटीत नख अडकतं, आणि अशी कडी जोराच्या ओढीला उघडते.

धारावीत बनवून घ्यायची असेल तर

मुंबईकराला एक सोय आहे जी इतरांना सहसा नाही: चामड्याची लीड मनासारखी बनवून घेता येते. धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांकडे पर्स आणि कमरपट्टे रोज बनतात, पण कुत्र्याच्या शो लीडची कल्पना सगळ्यांना असेलच असं नाही. म्हणून नमुना आणि मापं कागदावर लिहून न्या.

कारागिराशी सुतात बोलणं सोपं जातं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डेनसाठी तीन सूत रुंदी सांगा, साधारण साडेनऊ मिलिमीटर होते. जाडी तीन मिलिमीटर, चामडं एकाच लांब पट्टीतलं, मध्ये जोड नको. पट्टी पाठीच्या भागातून काढायला सांगा. पोटाकडचं चामडं ताणलं जातं आणि दोन महिन्यांत लीड लांबते. कडा घासून गोल करून घ्या, धारदार कड हाताला कापते आणि केसही तोडते. हूक जिथे वळवून बसवतात तिथे नुसतं रिव्हेट नको. रिव्हेटचं भोक पट्टीचा मधला भाग खातं आणि अरुंद लीड नेमकी तिथेच फाटते. मेणाच्या दोऱ्याची हातशिवण, किमान चार सेंटिमीटर लांब, आणि दोन्ही टोकांना टाके परत मागे घेतलेले. हूक आणि कड्या तुम्ही स्वतः निवडून द्या. मशीद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात सुटे मिळतात.

रंग पक्का आहे का, तेही तिथेच ओल्या पांढऱ्या कापडाने घासून बघा. कच्चा रंग घामाने सुटतो आणि फॉन किंवा पांढऱ्या मानेवर पट्टा काढल्यावरही पट्टा दिसत राहतो.

घरी आणल्यावर खिडकीच्या भक्कम गजाला अडकवून अंगाचा पूर्ण भार टाकून पाच-सहा हिसके द्या, मग शिवण आणि कड्या पुन्हा तपासा. तुटायचीच असेल तर घरी तुटू दे.

बसवायची जागा आणि हाताचा दाब

पट्टा कानांच्या मागे, कवटीच्या उंचवट्याखाली आणि समोरून जबड्याच्या लगेच मागे बसतो. इथे स्नायू पातळ असतात, त्यामुळे दोन बोटांच्या दाबाने डोकं वळतं. तोच पट्टा खांद्याजवळ घसरला की कुत्र्याला पूर्ण छातीचं बळ लावता येतं आणि तुम्ही नुसते मागे फरफटता.

स्लिप साखळी घालताना कुत्र्यासमोर उभे राहा आणि ती इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखी दिसेल अशी धरून डोक्यावरून घाला. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला चालणार आहे हे धरून ही दिशा आहे. तपासायला लीड ओढून सोडा: साखळी स्वतःच्या वजनाने तत्क्षणी सैल झाली पाहिजे. आवळलेलीच राहिली तर उलटी घातली आहे.

आता रिंगमधला सर्वात जास्त दिसणारा दोष: लीड वर ताणून धरणं. मोठा कुत्रा ताब्यात राहावा म्हणून हँडलर हात खांद्यापर्यंत उचलतो. त्याने कुत्र्याच्या पुढच्या भागाचा भार जमिनीवरून उचलला जातो, पुढचे पाय पुढे पोचायच्या ऐवजी वर उचलले जातात, कोपरं बाहेर पडतात आणि निकोप खांद्याचा कुत्रा सदोष दिसतो. लीड बाजूला, स्वतःकडे ओढली तर मागचा भाग बाहेर फेकला जाऊन कुत्रा तिरका चालतो. हात कमरेच्या उंचीवर ठेवा, लीडला हलकासा झोळ असू द्या. मोबाइल कोणाला तरी कुत्र्याच्या कोपराच्या उंचीवर धरायला सांगा आणि येताना, जाताना, बाजूने असं चित्रण करा. मग तेच निरनिराळ्या लीडवर करून बघा. कोणती घ्यायची ते दुकानदारापेक्षा ही चित्रफीत चांगलं सांगते.

हाताने उभं करताना उजव्या हातात पट्ट्याजवळ लीड धरून डोकं स्थिर ठेवा आणि डाव्या हाताने पाय लावा: पुढचे कोपराला धरून, मागचे घोट्याच्या वर धरून. जज दात बघायला आला की पट्टा थोडा सैल करा. गळा आवळलेला कुत्रा तोंड उघडू देत नाही. मानेची ठेवण दाखवायची असेल आणि कुत्रा शांत उभा राहत असेल तर पट्टा मानेच्या तळाशी सरकवून ठेवता येतो.

शोच्या दिवशी

गाडीतून कुत्रा शो लीडवर उतरवू नका. गर्दी, अनोळखी कुत्रे, माइकचा आवाज, मैदानाच्या कडेला भटकी टोळी: इथे रुंद पट्टा आणि जाड लीडच हवी. रिंगच्या तोंडाशी पोचल्यावर बदल करा, आणि क्रम कधीही मोडू नका. आधी शो लीड चढवा, हातात घट्ट धरा, मगच रोजचा पट्टा सोडा. परत येताना आधी रोजचा पट्टा, मग शो लीड बाहेर. पट्टाविरहित असा एक क्षणही येऊ द्यायचा नाही. तशीच दुसरी शो लीड खिशात ठेवा.

स्लिप साखळी किंवा स्लिप लीड घातलेला कुत्रा खांबाला बांधून ठेवू नका, पिंजऱ्यात किंवा गाडीत एकटा सोडू नका. कडी कुठे अडकली तर फास बसतो आणि तो सोडवायला शेजारी कोणी नसतं.

सरावानंतर आणि पावसाळ्यात

जुहू किंवा वर्सोव्याच्या वाळूत सराव केला तर वाळू कड्यांच्या फटीत बसते आणि कानशीसारखी केस कापते. साखळी गोड्या पाण्यात हलवून धुवा, कोरडी करा, हुकाच्या खिट्टीत मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. शिवाजी पार्कची लाल माती पांढऱ्या दोरीतून नीट निघत नाही, तिथे जुनी लीड न्या.

चामडं जूनपासून बंद कपाटात ठेवलं की पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर त्याहून लवकर. सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत, हवा खेळेल अशा जागी टांगा. ओलं झालं तर पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा गॅसजवळ नाही, तडे जातात. बुरशी आलीच तर कोरड्या कापडाने घराबाहेर झटका, नंतर साबणाच्या जेमतेम ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळल्यावर चामड्याचं मेण किंवा क्रीम अगदी पातळ चोळा. तेल जास्त झालं तर चामडं लूज पडतं आणि लीड ताणली जाते. हंगाम सुरू व्हायच्या आधी हुकाजवळची शिवण वाकवून बघा. तिथे भेग किंवा सुटलेला एक जरी टाका दिसला तरी ती लीड सरावालाही वापरू नका, शिवण उसवून नवी घालून घ्या.